पाऊणकी

(द्वितीय वर्ष कला)

पावकी, निमकी, पाऊणकी हे शब्द आज आपल्या महाविद्यालयात किती जणांनी ऐकले असतील? मला स्वतःला त्यांतली एकच येते, पाऊणकी. तीही मी शाळेत शिकलो नाही, खाडीच्या बांधावर शिकलो. शिकवणारे मास्तर चौथी पास होते आणि नात्याने माझे आजोबा होते.

वडील त्यांना ‘बाबा’ म्हणत. म्हणून आम्ही नातवंडेही ‘बाबा’च म्हणू लागलो आणि वडील आमचे ‘दादा’ झाले. पुढेपुढे साऱ्या आळीचेच ते बाबा झाले होते.

तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, एवढाच बाबांचा धडा. बांधावरून चालताना ते मागे वळून न पाहता विचारीत, “आज तिथ कोनती?”

“चतुर्थी.”

“चार पाऊने?”

“तीन.”

“मंग तीन वाजता पानी भरनार. अष्टमीला? आठ पाऊने सहा. द्वादशीला? बारा पाऊने नऊ.”

पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पण ते उधाणाचे पाणी. आमच्या बांधापर्यंत चढायला त्याला आणखी तासभर लागतो, एवढी सवलत बाबा खाडीला देत. आज मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटापर्यंत कळते. मी कितीदा तरी पडताळून पाहिली आहे. बाबांचे गणित फार तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकत असे. मी ते दाखवून दिले की ते हसत. म्हणत, “बांधावर अर्धा तास आधी पोचलेला मानूस कधी बुडलाय का?”

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अंबा नदी सह्याद्रीत उगम पावते. पालीवरून, मग रोहे तालुक्यातल्या नागोठण्यावरून ती पेणच्या बाजूला येते आणि तिथे तिची खाडी होते. हीच धरमतरची खाडी. वडखळहून अलिबागला जाताना एस.टी. ज्या पुलावरून जाते, तो धरमतरचा पूल. पूल नव्हता तेव्हा माणसे तरीने पलीकडे जात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच इथवर येई. ‘तर’ म्हणजे पैलतीरी नेणारी नाव. ज्याच्यापाशी पैसे नसतील त्यालाही धर्म म्हणून पलीकडे नेत, म्हणून हे नाव ‘धरम-तर’, असे बाबा सांगत. खरेखोटे खाडीला ठाऊक! पण बाबांच्या तोंडून ते खरे वाटे.

या खाडीच्या दोन्ही अंगांना खारेपाट पसरलेला आहे. आमची शेते उधाणाच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहेत. मध्ये आहे तो फक्त मातीचा बांध. बांधाच्या बाहेर खाजण आणि तिवरे, आत भात. पावसाचे गोडे पाणी बाहेर काढायला बांधात उघाड्या असतात. त्यांची झडप ओहोटीला उघडते आणि भरतीला खाडीच्याच रेट्याने बंद होते. बांध फुटला की आमच्याकडे ‘खांड गेली’ म्हणतात. खांडीतून खारे पाणी शेतात शिरले की जमीन खारावते. मग पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन वर्षे त्या शेतात दाणा पिकत नाही. आमच्या गावातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असते. ‘अ आ ई’ च्या आधी ते ‘खांड’ हा शब्द शिकते.

बाबांची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या खाडीकाठच्या जुन्या माणसांनी त्या दिवसावरून कितीतरी गोष्टी मोजल्या. “रामदास बुडाली, त्याच्या आदल्या होळीचा तू,” असे बाबांची आई सांगे. शाळेत मास्तरांनी आपल्या सोयीने १ जून ही तारीख लिहिली. बाबा मात्र स्वतःला उधाणाचा जन्म म्हणवीत, कारण होळीला खाडीला मोठे उधाण असते.

बाबांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, तरुणपणी चरीचा संप पाहिला होता. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये शेते न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे पाळला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. आपल्याच हातांनी पिकवलेली जमीन सहा वर्षे ओसाड पाहायची! शेतकऱ्याच्या जिवाला ते काय वाटले असेल, हे इतिहासाच्या पुस्तकावरून मला कधी कळले नसते. बाबा ती हकिकत स्वतः पाहिल्यासारखी सांगत. त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. आपले वडील कागद हातात घेऊन बांधावर गेले आणि बराच वेळ शेताकडे तोंड करून नुसते उभे राहिले, एवढेच त्यांना आठवत होते. त्या कागदांची पत्र्याची पेटी बाबांच्या खाटेखाली असे. तिची किल्ली करगोट्याला.

आणखी एक दिवस मी पाहिला, पण मला आठवत नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांमध्ये सेझला जमीन द्यायची की नाही यावर मतदान झाले. आमचे गाव त्यांत होते. मी दोन वर्षांचा. बाबा मला खांद्यावर घेऊन मतदानाला गेले होते, असे आई सांगते. पुढे तो सेझ झाला नाही. बाबांनी कोणते मत दिले हे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मत सांगायचा नसतं.” आणि पायाखालची माती त्यांनी टाचेने दाबली.

ही टाचेने माती दाबण्याची त्यांची सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. बांध फुटतो तो एकाएकी फुटत नाही. आधी खेकडा बीळ करतो. बिळातून पाणी झिरपते, झिरपता झिरपता वाट मोठी होते आणि एखाद्या उधाणाला खांड जाते. म्हणून बाबा रोज सकाळी ओहोटीच्या वेळी आमच्या वाट्याच्या बांधावरून चालत. बीळ दिसले की चिखलाचा गोळा कोंबून वर टाच मारीत. आमचाच बांध नव्हे, शेजाऱ्याच्या बांधावरचे बीळही ते बुजवीत. शेजारी ओशाळून काही बोलू लागला तर म्हणत, “पानी शिरताना सातबारा बघत नाय.”

जुन्या काळी या बांधांची राखण ‘जोळ’ पद्धतीने होई. बांधाचे काम निघाले किंवा खांड गेली की घरटी एक माणूस फावडे घेऊन हजर. श्रीमंत असो, गरीब असो, भांडलेला असो. पुढे खारभूमीचे कायदे झाले, आधी १९४८ चा आणि मग १९७९ चा. बांधांचे काम सरकारी खात्याकडे गेले. माणसेही कारखान्यांत, कंपन्यांत नोकरीला लागली. जोळ हळूहळू विरत गेली. पण आमच्या आळीत, बाबा होते तोवर, तिचा धागा टिकून होता. घरटी एक माणूस! या एका नियमापुढे बाबा लग्नकार्य बघत नसत, आजारपण बघत नसत.

इथवर मी जे लिहिले ते कुणापुढेही अभिमानाने सांगता येईल असे आहे. पुढचे मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही.

मी बारावीला होतो. परीक्षा चालू होती, दोन पेपर उरले होते. महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते आणि अमावास्येचे उधाण होते. दादा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला आहेत. त्यांची त्या दिवशी रात्रपाळी होती. मी अकरापर्यंत वाचून दिवा मालवला. झोप लागत होती, लागत नव्हती. मध्यरात्र उलटून गेल्यावर बांधाकडून ओरड आली, “खांड गेली रे! खांड गेली!”

कुत्री भुंकू लागली. दारे वाजली. कुणीतरी आमच्या दारावरून धावत गेले. बाबा खाटेवरून उठल्याचे मला कळले. घरात पुरुष माणसे दोनच, सत्त्याहत्तर वर्षांचे बाबा आणि मी. घरटी एक माणूस. तो माणूस कोण, हे सांगायला पाऊणकी यावी लागत नाही.

मी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि डोळे मिटून पडून राहिलो.

बाबा माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. बिडीचा वास आला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते हाक मारतील आणि मी उठेन, असे मी स्वतःला सांगत होतो. हाक आली नाही. आतून आई हळूच म्हणाली, “पोराला उठवू?”

“नको. त्याचा पेपर हाय.”

दाराआडचे फावडे त्यांनी उचलले. घमेले भिंतीला लागू नये म्हणून जपून बाहेर काढले. कडी आवाज न करता लावली.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर नव्हता. पेपरला दोन दिवस अवकाश होता. मला भीती वाटत होती ती अंधाराची आणि कमरेएवढ्या गार चिखलाची. पेपर हे मी माझ्यापाशी केलेले निमित्त. त्या रात्री मी पुस्तक उघडले नाही आणि झोपलोही नाही.

खांड कशी बांधतात हे मी पुढे पाहिले आहे. भरती उतरू लागली की काम सुरू होते आणि पुढची भरती चढायच्या आत ते संपवावे लागते. मधे मिळतात ते पाच-सहा तास. माणसांची रांग लागते. खाजणातल्या चिखलाची ढेकळे कापून हातोहात पुढे देतात. पेंढा, मातीने भरलेल्या गोण्या, दगड, वर पुन्हा चिखल. रांगेत एक माणूस कमी असला तर दोघांमधले अंतर वाढते, ढेकूळ फेकावे लागते, निम्मी माती पाण्यात पडते.

बाबा सकाळी आठला परत आले. चिखल अंगावर वाळून पांढुरका झाला होता. कालवांच्या शिंपांनी तळहात कापले होते. दुपारच्या भरतीआधी खांड बांधून झाली होती. ओटीवर बसून त्यांनी पाय पुढे केले, आईने पाणी ओतले. मला पाहून त्यांनी विचारले, “झाला काय अभ्यास?”

मी म्हटले, “झाला.”

निकाल लागला. घराण्यात बारावी झालेला मी पहिला. बाबांनी आळीत घरोघर जाऊन पेढे वाटले. मला त्यांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला. त्या तळहातावरचे वण अजून गेलेले नव्हते. तो पेढा मी कसा गिळला ते माझे मला ठाऊक.

त्यानंतर सव्वा वर्ष बाबा होते. मला सांगता आले असते. सकाळच्या ओहोटीला त्यांच्यामागून बांधावर चालताना कितीदा तरी शब्द ओठांवर आले. पण ते विचारीत, “आज तिथ कोनती?” आणि मी तिथी सांगे.

गेल्या आषाढात, शेतात रहू पेरून झाल्यावर, बाबा गेले. चार दिवस ताप होता, छातीत कफ होता. त्या रात्रीच्या गारठ्याने ते गेले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, घरातही कुणी म्हणाले नाही. एवढ्या दिवसांनी तसे म्हणण्यात अर्थही नाही. मीच आपला म्हणत राहिलो.

दहाव्याला खाडीवरचे विधी आटोपले. माणसे पांगली. दादा आणि मी उघाडीपाशी बसून होतो. दादा फारसे बोलत नाहीत. मला वाटले, आता सांगितले नाही तर कधीच सांगणार नाही. मी म्हटले, “दादा, बारावीच्या वेळी खांड गेली होती, त्या रात्री मी जागा होतो.”

दादांनी माझ्याकडे पाहिले नाही. खाडीकडे पाहत म्हणाले, “ठाव हाय. बाबांना बी ठाव होतं.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी आयुष्यात विसरणार नाही. दादा अकरावीत असताना अशीच खांड गेली होती. बाबा तापाने फणफणले होते. त्यांनी दादांना झोपेतून उठवले आणि जोळीवर पाठवले. दादा तीन रात्री चिखलात उभे राहिले. खांड बांधली गेली, पण तोवर पाणी शेतात पसरले होते. दोन वर्षे भात झाले नाही. दादांचे शिक्षण तिथेच थांबले. ते रेतीच्या होडीवर गेले, नंतर कंत्राटदाराकडे. बाबा या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. दादांनीही कधी विचारले नाही.

“त्या दिवशी मी पाळीवरून आलो तवा बाबा हात धूत होते,” दादा म्हणाले. “मना बोलले, पोरगा जागा होता. उठला नाय ते बरा झाला. उठला असता तर त्याला नको म्हनायला माझी जीभ वळली नसती.”

आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. ओहोटी लागली होती. उघाडीची झडप सैल पडून पाणी आवाज करीत बाहेर चालले होते.

बाबांना ठाऊक होते, हे कळल्यावर माझ्या मनावरचे ओझे उतरले का? मी प्रामाणिकपणे सांगतो, उतरले नाही. त्यांनी मला माफ केले, एवढे मला समजले. पण माफी देण्याआधी त्यांनी आयुष्यभर पाळलेला नियम स्वतःच्या हाताने मोडला होता. ज्या नियमापायी एका मुलाची शाळा सुटली, तो नियम नातवासाठी मोडला. आणि नियम मोडूनही जोळीतली घरची जागा रिकामी ठेवली नाही; त्या जागी स्वतः जाऊन उभे राहिले. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर, ते मिळेल तेव्हा, माझे एकट्याचे नाव असेल. त्यामागे चिखलात उभी असलेली रांग कुणाला दिसणार नाही. ती दिसावी म्हणून हा लेख.

तेराव्यानंतर बाबांची पेटी उघडली. जुने दस्त होते, सातबारे होते, पणजोबांच्या अंगठ्याचा एक कागद होता. सगळ्यांत वर, घडी न घालता ठेवलेली, माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स होती. जमिनीच्या कागदांत तिचे काय काम, असे कुणीतरी म्हणाले. दादांनी ती होती तशीच परत पेटीत ठेवली.

भाद्रपदात सर्वपित्री अमावास्या आली. वर्ष व्हायचे होते, म्हणून घरात बाबांच्या नावाने पान वाढायचे नव्हते. पण त्या दिवसांत उधाण मोठे असते आणि भात पोटरीत आलेले असते. संध्याकाळी मी कुणी न सांगता दाराआडचे फावडे काढले. दांड्यावर बाबांच्या मुठीची जागा गुळगुळीत झाली आहे. दादांची त्या दिवशी सुट्टी होती. तेही उठले.

आमच्या वाट्याच्या बांधावर एका जागी माती ओली दिसली. वाकून पाहिले तर खेकड्याचे बीळ. मी चिखलाचा गोळा कोंबला आणि वर टाच मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मग शेजाऱ्याच्या बांधावर गेलो. तिथेही एक होते.

अंधार पडू लागला. खाडीवर दूर मालाच्या बार्जचे दिवे दिसत होते. दादा बांधावर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारले, “पानी किती वाजता?”

“पंधरा पाऊणे सव्वाअकरा,” मी म्हटले, “आणि वर तासभर.”

दादांच्या मनगटावर घड्याळ होते. त्यांनी त्याकडे पाहिले नाही.